यमुनाकाठचे अलिखित युद्ध : १९६५ ची रोजनिशी आणि मराठी युद्धगद्याचा प्रश्न

१. प्रश्नाची मांडणी

यशवंतराव चव्हाण यांच्या आत्मचरित्राचा 'कृष्णाकाठ' हा पहिला खंड १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. आत्मचरित्र तीन खंडांत लिहावयाचे, अशी त्यांची योजना होती. पहिल्या खंडात देवराष्ट्रे आणि कऱ्हाड येथील बालपणापासून १९४६ पर्यंतचा काळ आला. दुसरा खंड मुंबईतील आणि तिसरा दिल्लीतील वर्षांचा व्हावयाचा होता. कृष्णेच्या काठाने निघालेले हे कथन यमुनेच्या काठी येऊन थांबणार होते. ते तेथवर पोचले नाही. २१ नोव्हेंबर १९६२ ते नोव्हेंबर १९६६ या संरक्षणमंत्रिपदाच्या काळाचे सलग आत्मकथन मराठीत त्यामुळे सिद्ध झाले नाही. त्या काळाविषयी चव्हाणांनी मागे ठेवलेली सर्वांत मोलाची संहिता म्हणजे १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धातील त्यांची रोजनिशी. त्यांचे एकेकाळचे खाजगी सचिव राम प्रधान यांनी संपादित केलेली ही रोजनिशी २००७ मध्ये, म्हणजे लेखकाच्या निधनानंतर २३ वर्षांनी, इंग्रजीत प्रसिद्ध झाली.

हा केवळ चरित्रात्मक तपशील आहे, असे मानून पुढे जाता येण्यासारखे नाही. परदेश दौऱ्यांतून पत्नी वेणूताईंना लिहिलेली चव्हाणांची पत्रे मराठीत आहेत आणि 'विदेश-दर्शन' या नावाने ती ग्रंथरूपही झाली आहेत. व्यक्ती, स्थळे, आठवणी आणि भाषणे यांच्यासाठी या लेखकाने मराठीचा विश्वासाने वापर केला. विमाने कधी उडवावयाची, सैन्य कोठे थांबवावयाचे, सेनाप्रमुखाच्या मनःस्थितीचे काय करावयाचे, या प्रश्नांची नोंद मात्र इंग्रजीच्या वाट्याला गेली. मराठीच्या युद्धविषयक गद्यात पराक्रमाचे कथन विपुल आहे आणि निर्णयाचे कथन विरळ आहे, या व्यापक वस्तुस्थितीचे हे एक ठळक उदाहरण होय. ही विरळता भाषेच्या अंगभूत दौर्बल्यातून आली की इतिहासाच्या एका वळणातून, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२. पहाडगंज : वाचनाचे स्थान

या संहितेचा विचार मुंबई-पुण्याहून करणे आणि दिल्लीतील मराठी समाजाच्या अंगाने करणे यांत फरक पडतो. नवी दिल्ली रेल्वेस्थानकाच्या पश्चिमेस पसरलेल्या पहाडगंजमध्ये नूतन मराठी विद्यालय आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे. केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त उत्तरेत आलेल्या अनेक मराठी कुटुंबांचे सार्वजनिक जीवन या परिसराभोवती आकाराला आले. संरक्षण मंत्रालयाचे साउथ ब्लॉक येथून चार-पाच किलोमीटरांपेक्षा अधिक दूर नाही. कचेरीत इंग्रजी टिपण, घरात मराठी आणि रस्त्यावर हिंदी-पंजाबी अशी भाषांची वाटणी या वर्गाने रोजच्या व्यवहारात पत्करलेली होती. चव्हाणांच्या लेखनातील भाषाविभागणी ही एका व्यक्तीची लकब राहत नाही, ती या वर्गाच्या जगण्याची रीत ठरते, हे पहाडगंजच्या संदर्भात अधिक स्पष्ट होते.

या स्थानाचे दुसरेही एक महत्त्व आहे. सप्टेंबर १९४७ च्या हिंसाचारात पहाडगंजमधील मुस्लिम वस्ती उद्ध्वस्त झाली आणि पश्चिम पंजाबातून निर्वासित होऊन आलेली कुटुंबे येथे मोठ्या संख्येने स्थायिक झाली. लाहोर, कसूर, सियालकोट ही १९६५ च्या युद्धवार्तांतील नावे मराठी वाचकाच्या दृष्टीने नकाशावरील ठिकाणे होती. त्याच गल्लीतील पंजाबी शेजाऱ्याच्या दृष्टीने ती सुटलेल्या घरांची नावे होती. त्या वर्षीचा गणेशोत्सव ऑगस्टच्या अखेरीस सुरू होऊन सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपला. युद्धाचे पहिले, सर्वांत अनिश्चित दिवस नेमके तेच. दिल्लीत रात्री दिवे मालवले जात होते. एकाच वस्तीत एकच बातमी निदान दोन अर्थांनी ऐकली जात असेल, तर 'भारतीय युद्धसाहित्य' असा एकसंध वर्ग कल्पून चालत नाही. प्रत्येक भाषेने या युद्धाशी जोडलेले अंतर वेगळे आहे, आणि तौलनिक अभ्यासाने प्रथम हे अंतर मोजावयास हवे.

३. सेनापती ते सेनाप्रमुख

मराठी मनातील सेनानीची प्रतिमा बखरींनी घडविली आहे. 'भाऊसाहेबांची बखर' असो की रघुनाथ यादवाची 'पाणिपतची बखर', तेथे युद्ध हे व्यक्तींचे असते. सरदार बोलतात, रुसतात, पैजा घेतात, घोड्यावरून उतरतात आणि पडतात. निर्णय हा स्वभावाचा आविष्कार असतो आणि पराभव हा स्वभावदोषाचा परिपाक असतो. ही कथनरीती इतकी प्रभावी आहे की विसाव्या शतकातील यंत्रयुद्धांविषयीचे मराठी लेखनही तिच्या छायेत वाढले. वि. ग. कानिटकरांना हिटलरच्या राजवटीचा इतिहास 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' या शीर्षकाखाली मांडावासा वाटला, ही गोष्ट बोलकी आहे. वि. स. वाळिंबे यांच्या 'वॉर्सा ते हिरोशिमा' या शीर्षकात पुराणाची जागा भूगोलाने घेतली आहे. युद्ध कोठे सुरू झाले आणि कोठे संपले, एवढेच ते सांगते. मराठी युद्धगद्य या दोन टोकांच्या मध्ये हिंदकळत राहिले आहे.

प्रत्यक्ष व्यवस्था मात्र बदललेली होती. १९५५ मध्ये सरसेनापतीचे पद संपुष्टात आले आणि भूदल, नौदल व वायुदल यांचे तीन स्वतंत्र प्रमुख मंत्र्याला जबाबदार झाले. १९६२ च्या पराभवानंतर संरक्षण मंत्रालयात आलेल्या चव्हाणांनी या प्रमुखांशी दररोज सकाळी बैठक घेण्याचा परिपाठ ठेवला. त्यांची रोजनिशी या नव्या नात्याचे कथन करते. तिच्यात कोणी सेनापती नाही. माहिती आणणारे तीन अधिकारी आहेत आणि ती ऐकून होकार वा नकार द्यावयाचा आहे असा एक नागरिक आहे.

१ सप्टेंबर १९६५ चे उदाहरण पाहता येईल. त्या पहाटे छांब भागात पाकिस्तानी चिलखती दलाने हल्ला चढविला. दुपारी चारच्या सुमारास लष्करप्रमुख जनरल जे. एन. चौधरी आणि वायुदलप्रमुख एअर मार्शल अर्जनसिंग संरक्षणमंत्र्यांकडे आले. वायुदल वापरण्याची परवानगी हवी होती. ती काही मिनिटांत मिळाली आणि मावळण्यापूर्वीच्या प्रकाशात पठाणकोटहून व्हॅम्पायर व मिस्टेअर विमाने छांबकडे निघाली. चार व्हॅम्पायर विमाने त्या संध्याकाळी पाडली गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आखलेली ही विमाने सेबर विमानांपुढे टिकणारी नव्हती आणि त्यानंतर ती आघाडीवरून काढून घेण्यात आली. पराक्रमाच्या गद्यात या प्रसंगाला दोनच शेवट संभवतात. एकात तत्पर मंत्र्याचे कौतुक होईल, दुसऱ्यात तीन वैमानिकांच्या बलिदानाचे. निर्णयाच्या गद्यात दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात नांदाव्या लागतात. निर्णय आवश्यक होता, तो वेळेवर झाला, आणि त्याची किंमत निर्णय न घेणाऱ्यांनी मोजली.

९ सप्टेंबरची नोंद याहून महत्त्वाची आहे. भारतीय सैन्याने ६ सप्टेंबरला लाहोर आघाडीवर आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली होती. त्यानंतर तीनच दिवसांनी प्रखर प्रतिहल्ल्यांमुळे कसूर भागात मागे यावे लागल्याचे चव्हाण नोंदवितात. लष्करप्रमुख काहीसे डळमळीत वाटले, तेव्हा त्यांना आघाडीवर जाऊन परिस्थिती प्रत्यक्ष पाहण्यास सुचविले, असेही ते लिहितात. मराठी वाचकाच्या स्मृतीत जनरल चौधरी हे नाव विजयाशी जोडलेले होते. सप्टेंबर १९४८ मधील हैदराबादच्या कारवाईचे, म्हणून मराठवाड्याच्या मुक्तीचे, ते सेनानी होते. डिसेंबर १९६१ मधील गोव्याच्या कारवाईच्या वेळी दक्षिण विभागाचे प्रमुखपद त्यांच्याकडे होते. या स्मृतीला रोजनिशीतील नोंद धक्का देते, पण ती त्यांची निर्भर्त्सना करीत नाही. दुर्बळता दिसली, उपाय सुचविला, एवढ्यावर ती थांबते. पश्चिम विभागाचे प्रमुख हरबक्षसिंग यांनी पुढे याच सुमारास बियास नदीपर्यंत माघार घेण्याची सूचना लष्करप्रमुखांकडून आल्याचे आणि ती आपण नाकारल्याचे सांगितले. त्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. दोन्ही संहिता शेजारी ठेवल्या म्हणजे भेद ध्यानात येतो. हरबक्षसिंगांचे कथन खेमकरणजवळील असल उत्तर येथील विजय घडून गेल्यानंतर झालेले आहे, त्याला शेवट माहीत आहे. रोजनिशीच्या लेखकाला त्या रात्री शेवट माहीत नाही. या अज्ञानाने तिला एक नैतिक वजन प्राप्त करून दिले आहे.

येथे एका जागतिक उदाहरणाशी तुलना उपयुक्त ठरेल. चर्चिल हे पंतप्रधानपदाबरोबर संरक्षणमंत्रिपदही सांभाळीत होते. त्यांचा दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास १९४८ ते १९५३ या काळात सहा खंडांत प्रसिद्ध झाला आणि १९५३ मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा ग्रंथराज साहाय्यकांच्या मदतीने, कागदपत्रांची निवड करून, युद्ध जिंकल्यावर रचलेला आहे. त्यात मंत्री स्वतःच महानायक होतो. चव्हाणांच्या त्रोटक नोंदींना अशी वास्तुरचना नाही, आणि नायकही नाही. अर्थात २००७ च्या ग्रंथात संपादकाचे विवेचन या नोंदींना वेढून आहे, आणि त्या विवेचनाला युद्धाचा शेवट ठाऊक आहे. मूळ नोंद आणि तिच्याभोवतीची चौकट यांचे वाचन वेगवेगळे करणे ही समीक्षेची जबाबदारी राहते.

४. विमानांची आणि नौकांची नावे

यंत्रयुद्धाचे कथन मराठीत आणताना शब्दांचा प्रश्न उभा राहतो. लढाऊ विमान, विनाशिका, पाणबुडी, पाणतीर, विमानवाहू नौका असे शब्द मराठीने घडविले आणि वृत्तपत्रांनी ते रुळविले. विशेषनामांचे काय करावयाचे हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. व्हॅम्पायर, हंटर, सेबर, नॅट ही इंग्रजीत रूपके आहेत. रक्तपिपासू पिशाच, शिकारी, तलवार, चावरे चिलट असे त्यांचे अर्थ त्या भाषेत जिवंत असतात. ३ सप्टेंबरला ट्रेव्हर कीलर यांनी नॅट विमानातून सेबर पाडल्याची नोंद झाली, तेव्हा चिलटाने तलवार मोडल्याची गंमत इंग्रजी वाचकाला आयती मिळाली. मराठीत हे शब्द अर्थ मागे ठेवून केवळ ध्वनी म्हणून आले. एका अर्थी हा तोटा आहे. दुसऱ्या अर्थी रूपक गळून पडल्यामुळे यंत्र हे यंत्र म्हणून दिसण्याची सोयही झाली आहे.

नौकांच्या बाबतीत नेमके उलटे घडते. ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी नौदलाच्या सात युद्धनौकांनी द्वारकेवर तोफा डागल्या. बाबर, खैबर, बद्र, जहांगीर, आलमगीर, शाहजहान आणि टिपू सुलतान ही त्यांची नावे. मराठी वाचकाला यांतील बहुतेक नावांचा अर्थ सांगावा लागत नाही. आलमगीर म्हणजे औरंगजेब, हे त्याला बखरीपासून माहीत आहे, आणि टिपूशी झालेली युद्धे पेशवाईच्या इतिहासाचा भाग आहेत. आलमगीर आणि टिपू यांनी श्रीकृष्णाच्या द्वारकेवर मारा केला, असे वाक्य उच्चारताच बखर आपोआप लिहून होते. शत्रू, क्षेत्र, अधर्म हे सारे साहित्य नामावलीतच सिद्ध असते.

समीक्षेने सावध व्हावे असे हे स्थळ आहे. नावांचा पडदा बाजूला केला की वेगळीच वस्तुस्थिती हाती येते. बाबर ही पूर्वी ब्रिटिश नौदलाची डायडेम नावाची क्रूझर होती. उरलेल्या नौकाही ब्रिटिश नौदलातूनच आलेल्या होत्या. भारताची विक्रांत ही विमानवाहू नौकाही ब्रिटनमध्ये हर्क्युलिस या नावाने बांधावयास घेतलेली होती. मध्ययुगीन नावे धारण करून दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ब्रिटिश सामग्रीच दोन्ही बाजूंनी उभी होती. द्वारकेत झालेले नुकसान अल्प होते. आणि त्या रात्री भारतीय नौदल कोठे होते, हा प्रश्न नावांच्या गजरात ऐकूच येत नाही. विक्रांत मुंबईत गोदीत दुरुस्तीसाठी होती. तलवार ही फ्रिगेट जवळच ओखा येथे यंत्रातील बिघाडामुळे अडकून पडली होती. मुख्य म्हणजे नौदलाने आक्रमक कारवाई करू नये, पोरबंदरच्या उत्तरेस जाऊ नये, अशी मर्यादा सरकारनेच घातलेली होती. नौदलप्रमुख व्हाइस ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण यांना ती जाचक वाटली होती.

संरक्षणमंत्री मराठी आणि नौदलप्रमुखही मराठी घराण्यातील, असा हा दुर्मीळ योग होता. युद्ध भूमीवर मर्यादित ठेवावे की सागरी आघाडी उघडावी, हा त्या दोघांमधील प्रश्न राज्यव्यवहाराच्या दृष्टीने अत्यंत गंभीर होता, आणि दोन्ही बाजूंना सबळ कारणे होती. विस्तार टाळण्याची सरकारची भूमिका असमर्थनीय नव्हती. आपल्या दलाला हातावर हात ठेवून बसावे लागल्याची सेनानीची व्यथाही खोटी नव्हती. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचा अभिमान बाळगणाऱ्या भाषेत या संघर्षावर एखादे समर्थ गद्य निर्माण व्हावे, असा हा विषय आहे. सोमणांची बाजू वाचण्यासाठी मात्र व्हाइस ॲडमिरल हिरानंदानी यांनी लिहिलेल्या नौदलाच्या इंग्रजी इतिहासाकडे वळावे लागते.

५. बखर आणि वकिलाचे पत्र

निर्णयाचे गद्य मराठीला परके आहे, असा निष्कर्ष यावरून काढणे घाईचे ठरेल. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. १७५० ते १७६१ या काळातील पत्रे त्यात आहेत. बखरीच्या विश्वसनीयतेविषयी राजवाड्यांनी घेतलेले कठोर आक्षेप प्रसिद्ध आहेत. त्यांचा भर पत्रांवर होता. हा भर इतिहाससाधनांपुरता नव्हता, दोन गद्यांतील भेदही त्यामुळे उघड झाला. बखर घटनेनंतर, शेवट जाणून, श्रोत्यासाठी लिहिली जाते. पत्र घटनेच्या पोटात बसून, शेवट न जाणता, निर्णय घेणाऱ्यासाठी लिहिले जाते. फौज किती, दाणावैरण किती दिवसांची, कोणता सरदार कोणत्या मनःस्थितीत आहे, कोणाच्या शब्दावर किती भरवसा ठेवावा, हा त्याचा विषय असतो.

या पत्रव्यवहाराचे एक प्रमुख उगमस्थान दिल्ली हे होते, ही गोष्ट प्रस्तुत संदर्भात निर्णायक आहे. हिंगणे घराण्यातील पुरुष अठराव्या शतकात पेशव्यांचे वकील म्हणून दिल्ली दरबारी होते. द. ब. पारसनीस यांनी 'दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे' या नावाने दिल्लीहून लिहिलेली अशीच पत्रे प्रसिद्ध केली. यमुनेच्या काठी बसून सैन्यांच्या हालचालींचा, सेनानींच्या स्वभावांचा आणि बातम्यांच्या खरेखोटेपणाचा अदमास घेणारे मराठी गद्य दोनशे वर्षांपूर्वी लिहिले जात होते. त्यात उत्प्रेक्षा कमी आहे, संशय पुष्कळ आहे आणि वाक्य कामापुरते आहे. चव्हाणांच्या रोजनिशीची वाक्यरीती तिच्या इंग्रजी पोशाखातही या पत्रांच्या जवळची वाटते. तिचे कुळ बखरीचे नाही. ते वकिलाच्या पत्राचे आहे.

परंपरा तुटली ती राज्यव्यवहाराची भाषा बदलल्यामुळे. इंग्रजी अंमलात लष्कर, खजिना आणि परराष्ट्रव्यवहार यांचे लेखन मराठीच्या हातून गेले. मराठीकडे उरली ती स्मृती, आणि स्मृतीचा वाङ्मयप्रकार बखर हाच होता. निर्णय इंग्रजीत आणि अभिमान मराठीत, अशी ही वाटणी स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली. ती एकट्या मराठीची नाही. पाकिस्तानचे एअर मार्शल असगर खान यांनी १९७९ मध्ये आणि जनरल महंमद मुसा यांनी १९८३ मध्ये १९६५ च्या युद्धाविषयी लिहिले ते इंग्रजीतच. हरबक्षसिंगांचे लेखनही इंग्रजीत आहे. मातृभाषा पंजाबी, पश्तो वा मराठी असणाऱ्या माणसांनी एकमेकांशी केलेल्या युद्धाचा हिशेब एका तिसऱ्या भाषेत मांडला आहे. उपखंडाच्या तौलनिक साहित्याभ्यासाने या बाबीकडे दिलेले लक्ष पुरेसे नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल की इंग्रजीच्या परकेपणानेच चव्हाणांना स्पष्टपणा दिला, मराठीत लिहिते तर ते सह्याद्री-हिमालयाच्या रूपकात अडकले असते. १९६२ मध्ये त्यांच्या दिल्लीप्रयाणाभोवती उभे राहिलेले ते रूपक मराठी सार्वजनिक भाषेवर इतके बसले आहे की हा आक्षेप हलका मानता येत नाही. परंतु 'कृष्णाकाठ'चे गद्य त्याला उत्तर देते. कारावास, भूमिगत चळवळ, घरातील ओढग्रस्त या साऱ्यांविषयी तेथे जे संयत, स्वतःला प्रश्न विचारणारे निवेदन आहे, ते निर्णयाचे ओझेही पेलू शकले असते. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण' या १९३९ च्या कादंबरीने तर, युद्ध पेटण्याच्या उंबरठ्यावर, एका प्रवासी बोटीवर, एकही तोफ न उडविता युद्धाचे मराठी गद्य लिहून दाखविले होते. श्याम चव्हाण या सैन्याधिकाऱ्याने १९६२ च्या आपल्या अनुभवाला 'वालाँग : एका युद्धकैद्याची बखर' असे नाव दिले. विजेत्यांच्या दरबारातील वाङ्मयप्रकार पराभूत कैद्याच्या हाती देणारे हे शीर्षक बखरीलाच आतून बदलू पाहते. भाषेची क्षमता संशयातीत आहे. तिला मिळालेले प्रसंग अपुरे आहेत.

६. समारोप

१९६५ च्या रोजनिशीचा मराठी अनुवाद करणाऱ्याला यामुळे एका निवडीला सामोरे जावे लागते. चौधरींना 'सरसेनापती' आणि सोमणांना 'सरखेल' म्हणण्याचा मोह त्याने पत्करला, तर संहिता बखरीत विरघळेल. कचेरीच्या परिभाषेत ती उतरविली, तर वाचक तिच्यापासून दूर राहील. हिंगण्यांच्या पत्रांतील कामापुरत्या, संशयी, सावध वाक्याकडे तो वळला, तर एका तुटलेल्या परंपरेचे टोक हाती लागण्याची शक्यता आहे.

ज्या भाषेत निर्णयाचे कथन होत नाही, त्या भाषेच्या समाजाकडे युद्धाविषयी स्तुती आणि दूषण ही दोनच साधने उरतात. मंत्र्याने काही मिनिटांत होकार दिला आणि चार विमाने पडली, नौदलाला रोखले गेले आणि त्यामागे कारणे होती, सेनानी डळमळला आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागला, या मधल्या वाक्यांवाचून लोकशाहीतील नागरिक आपल्या नावाने लढल्या गेलेल्या युद्धाचा हिशेब मागू शकत नाही. साउथ ब्लॉकमध्ये इंग्रजी टिपणे लिहून सायंकाळी पहाडगंजच्या मराठी सभागृहात व्याख्यान ऐकावयास येणाऱ्या वर्गाजवळ ही मधली वाक्ये होती. त्यांनी ती फायलींत ठेवली. यमुनाकाठचा खंड अलिखित राहिल्याची हानी एका लेखकाच्या ग्रंथसूचीपुरती नाही. अठराव्या शतकात दिल्लीहून जे गद्य दर जासुदाबरोबर दक्षिणेकडे जात होते, ते विसाव्या शतकात निघालेच नाही, एवढी ती मोठी आहे.